लेकरू पेटीत आहे: सोलापुरात एनआयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या आई-बापांसाठी

बाळंतपण बार्शीला किंवा पंढरपूरला झालेलं, बाळ सोलापुरात एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात), आई टाके घेऊन तिकडेच पडलेली आणि बाप दोन्ही दवाखान्यांच्या मध्ये एसटीत. आपल्या जिल्ह्यात असं नेहमी होतं. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, करमाळा तर झालंच, पण धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडची लेकरंसुद्धा सोलापुरात आणतात. त्या दारासमोर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या आई-बापांसाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, तिथं बसलेला एक बाप आहे. औषधपाण्याचे निर्णय डॉक्टरांचेच. पण बहुतेकांना वाटतं की आपलं काम म्हणजे बिल भरायचं, सही करायची आणि बाहेर बाकावर बसायचं. या समजुतीनं बाळाचं नुकसान होतं. आईचं दूध, आई-बापाच्या अंगाची ऊब आणि रोजची बारीक नोंद या तीन गोष्टी तुमच्याशिवाय दुसरं कोणी बाळाला देऊ शकत नाही.

गाडी निघायच्या आधी

बाळ दुसरीकडे न्यायचं ठरलं की सगळे धावत सुटतात आणि कागद मागं राहतात. आधी बघायचं की जिथं नेताय तिथं जागा आहे का, आणि श्वासाचं मशीन लागणार असेल तर ते मोकळं आहे का. हा फोन डॉक्टरांनी डॉक्टरांना करायचा असतो. तुम्ही फक्त "बोलणं झालं का, कोणाशी झालं?" एवढं विचारून नाव लिहून घ्या. जागेची खात्री न करता बाळ घेऊन सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत दवाखाने पालथे घालण्यात जो वेळ जातो तो फार महागात पडतो. गाडीसाठी १०८ ला फोन करा. ऑक्सिजन आहे का आणि बाळ वाटेत उबदार कसं राहणार, हे दोन्ही निघायच्या आधी विचारा. वाटेत गार पडलेलं बाळ पोचेपर्यंत जास्त आजारी होतं.

आधीच्या दवाखान्यानं दिलेल्या चिठ्ठीवर या गोष्टी असल्याच पाहिजेत: जन्माची तारीख आणि वेळ, वजन, किती आठवड्यांचं, जन्मल्याबरोबर रडलं का, कोणती इंजेक्शनं दिली, आईचं पाणी कधी गेलं होतं. बाळ लवकर होणार असं दिसत असताना आईला बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली होती का, हेही डॉक्टर हमखास विचारतात. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड घ्या, आईचा रक्तगट, साखर, थायरॉइड, हेपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट घ्या. बाळाला रक्त द्यायची वेळ आली तर जुळवणीसाठी आईच्या रक्ताचा नमुना लागू शकतो. म्हणून आई मागं राहणार असेल तर "नमुना सोबत द्यायचा का?" हे निघतानाच विचारा, नाहीतर तेवढ्यासाठी रात्री पुन्हा पंढरपूर करावं लागतं.

आत गेल्यावर

अंगठी, घड्याळ, बांगड्या, मनगटातले दोरे सगळं काढून बाहेर. नखं कापलेली. हात कोपरापर्यंत साबणानं, निदान चाळीस सेकंद. सर्दी-खोकला असेल किंवा अंगावर पुरळ असेल तर त्या दिवशी जाऊ नका. मोबाईल शक्यतो बाहेरच ठेवा, तो हाताइतका धुता येत नाही.

पहिल्यांदा बघाल तेव्हा बाळापेक्षा नळ्याच जास्त दिसतील. बहुतेक बाळं उघड्या वॉर्मरवर असतात, वरून ऊब येत असते आणि पोटाला चिकटवलेला सेन्सर तापमान सांगत असतो. नाकातल्या छोट्या नळ्यांमधून दाबानं हवा जाते ते सीपॅप, त्यात श्वास बाळ स्वतः घेतं. घशातून नळी घालून मशीन श्वास देतं ते व्हेंटिलेटर. तोंडातून पोटात गेलेली बारीक नळी दुधाची. निळा दिवा काविळीचा, म्हणून डोळ्यांवर पट्टी. बेंबीत किंवा हातात बारीक नळी घातलेली असते ती सलाईन आणि औषधासाठी.

पायाला लाल दिवा बांधलेला असतो, तो रक्तातला ऑक्सिजन मोजतो. बाळानं पाय हलवला की तो सरकतो आणि अलार्म वाजतो. अलार्म झाला की आधी बाळाचा रंग बघा, मग सिस्टरांकडे. बटण स्वतः दाबू नका. आणखी एक: कमी दिवसांच्या बाळाला बाहेरून ऑक्सिजन चालू असताना तो आकडा साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवतात. १०० दिसला की नातेवाईकांना आनंद होतो आणि सिस्टर मात्र ऑक्सिजन कमी करायला उठतात, कारण जास्तीचा ऑक्सिजन अशा बाळांच्या डोळ्यांना घातक असतो. डोळ्यांकडे पुढं पुन्हा येऊ.

हात लावायची परवानगी मिळाली तर चोळू नका, कुरवाळू नका. कमी दिवसांच्या बाळाला ते सोसत नाही. एक हात डोक्याशी, एक पायांशी, हलका पण स्थिर ठेवा आणि तसाच राहू द्या. हळू आवाजात बोला. आईचा आवाज त्यानं पोटात ऐकलेलाच आहे.

काही ठिकाणी आई-बापाला दिवसातून एकदाच काचेतून दाखवतात. तरी विचारत राहा. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये सरकारी नवजात विभागांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यांत आई-बापाला शिकवून बाळाच्या काळजीत सामील करून घ्यावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. भांडू नका, "आम्हाला शिकवा, आम्ही हात धुऊन येतो" असं रोज म्हणा. तीन-चार दिवसांत त्या सिस्टर तुम्हाला ओळखायला लागतात.

दूध: हे काम पहिल्याच दिवशी सुरू

या लेखातलं एकच काही वाचणार असाल तर हे वाचा. बाळ दूध पिण्याच्या स्थितीत नाही, म्हणून आईचं दूध नंतर बघू, असं घरात म्हणतात. इथंच दूध आटतं. छातीतून दूध निघालं तरच पुढचं तयार होतं, त्यामुळे बाळ प्यायला लागेपर्यंत ते हातानं काढत राहावं लागतं. जन्मानंतर पहिल्या तासात जमलं तर उत्तम, नाहीतर पहिल्या सहा तासांत सुरुवात व्हावी. त्यानंतर चोवीस तासांत निदान आठ वेळा, त्यात रात्री एकदा तरी नक्की. रात्रीची वेळ चुकवू नका, दूध वाढण्याचं काम रात्री जास्त होतं.

सिझर झालेल्या बाईला उठता येत नाही हे खरं, पण हातानं दूध काढायला उठावं लागत नाही. आधी कोमट पाण्यात भिजवलेला कपडा छातीला लावायचा, हलकं चोळायचं. मग अंगठा वर आणि दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागं ठेवायची. आधी छातीच्या दिशेनं मागं दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबायची, सोडायचं. बोंड ओढायचं नाही, त्यानं दूध येत नाही आणि दुखतं मात्र. जागा बदलत चारी बाजूंनी करायचं. एका वेळेला वीस-तीस मिनिटं जातात. बाळाजवळ बसून किंवा त्याचा फोटो समोर ठेवून काढलं तर दूध जास्त येतं, हे बऱ्याच आया सांगतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत थेंब थेंबच येतं, घट्ट, पिवळसर. हा चीक. काही घरांत तो "जुनं दूध" म्हणून टाकून देतात. टाकू नका, एक थेंबही नको. बाळ तोंडानं काही घेत नसलं तरी तो चीक कापसानं गालाच्या आतून लावतात, ते सिस्टरांना विचारा. आणि "एवढंसंच येतंय, काय उपयोग?" असं बाळंतिणीला कोणी म्हणू नये. एक किलोच्या बाळाला सुरुवातीला एका वेळेला एक-दोन मिली दूध देतात. चहाच्या चमच्यात पाच मिली मावतं. म्हणजे अर्धा चमचा चिकात त्याचं एक जेवण होतं.

आई पंढरपुरात आणि बाळ सोलापुरात असेल तर दूध पोचवायचं काम बापाचं, भावाचं, दिराचं. झाकणाची स्टीलची वाटी किंवा दवाखान्यानं दिलेली बाटली उकळून घ्या, दर वेळेला वेगळी. वर आईचं नाव, तारीख, वेळ लिहा. काढलेलं दूध सावलीच्या थंड खोलीत चार तास आणि फ्रीजमध्ये चोवीस तास चालतं असा साधा हिशेब धरतात. आपल्या एप्रिल-मे महिन्यात मात्र खोलीतलं दूध चार तासांवर सोडू नका, सरळ फ्रीज किंवा बर्फाचा डबा. आधी काढलेलं आधी वापरायचं. गॅसवर उकळायचं नाही, कोमट पाण्यात वाटी ठेवायची. आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या रस्त्यावर किती अडकायला होतं ते सांगायला नको, तेव्हा निघायची वेळ त्या हिशेबानं धरा. सोलापुरात गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूचे रस्तेही तसेच.

आईचं दूध पुरतच नसेल तर डॉक्टरांना दूधपेढीच्या दुधाबद्दल विचारा. तपासून, प्रक्रिया करून दिलेलं दूध चालतं. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली, त्यामुळे ही काही नवीन कल्पना नाही. शेजारच्या बाईचं दूध असंच आणून देऊ नका. गाईचं, शेळीचं तर नकोच.

बाळ गिळायला लागलं की वाटी-चमचा किंवा बोंडलं, मग अंगावर. बाटलीची सवय लावू नका, पुढं अंगावर घ्यायला त्रास होतो. दूध मध्येच दोन-तीन दिवस बंद केलं, पोट फुगलं म्हणाले, तर घाबरून दूध काढणं थांबवू नका. आतडी नाजूक असतात, त्यांना विश्रांती देतात. तोवर काढलेलं दूध साठवायचं की काय करायचं ते विचारा.

बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत आपल्याकडे आहे. ती इथं सोडा. तहान लागेल तेवढं पाणी, भाकरी, वरण, भाजी, दूध, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं द्या. कॉरिडॉरमध्ये बसलेल्या माणसांनीही चहा आणि वडापाववर दिवस काढू नयेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन दिवस टिकते, डब्यात ठेवा.

छातीशी

बाळाची तब्येत जरा थाऱ्यावर आली की 'कांगारू', म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणं, सुरू करता येतं. डॉक्टर सुचवायची वाट बघू नका, रोज विचारा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये जन्मानंतर लगेच, आणि दिवसाचे आठ ते चोवीस तास असं सांगितलं आहे. त्याआधी २०२१ मध्ये पाच देशांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं: एक किलो ते १,७९९ ग्रॅमच्या बाळांना जन्मापासूनच छातीशी धरलं तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे चतुर्थांशानं कमी झाले. सीपॅपवरच्या बाळालाही काही ठिकाणी असं धरू देतात. ते बाळ बघून डॉक्टरच ठरवतील.

करायचं कसं: बाळाला फक्त टोपडं, लंगोट आणि मोजे. आईनं पुढून उघडणारा गाऊन किंवा ब्लाऊज घालायचा. बाळ उभं, छातीच्या मधोमध, पोट आईच्या पोटावर, पाय बेडकासारखे दुमडलेले. डोकं एका बाजूला वळलेलं आणि मान किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं. वरून पट्टा किंवा ओढणी बांधायची, बाळाच्या कानाखालपर्यंत. एकदा बसलं की निदान एक तास. दहा मिनिटांसाठी काढून पुन्हा ठेवण्यात बाळ थकतं.

बापानंही करायचं. केस आहेत, पुरुष आहे, असल्या सबबी चालत नाहीत. स्वच्छ आंघोळ, अत्तर नाही, तंबाखू-गुटखा-सिगारेट नाही, शर्टाची बटणं उघडी. आई दुसऱ्या गावी पडलेली असेल तर पहिले दिवस बाळाला ऊब देणारं घरातलं माणूस तुम्हीच असता. आजी, मावशी, आत्या यांनाही शिकवता येतं. पहिल्यांदा छातीवर ते नऊशे ग्रॅमचं लेकरू ठेवलं तेव्हा मला माझाच श्वास मोठा वाटायला लागला होता. दुसऱ्या दिवशी झोप यायला लागली. झोप आली तर सिस्टरांना सांगून, टेकून बसून, बाळ बांधलेलं असतानाच.

उन्हाळ्यात वरून जाड पांघरूण नको, पातळ सुती कपडा पुरे. पंखा-कूलरचा झोत थेट बाळावर नको. पोट आणि तळपाय हाताच्या मागच्या बाजूनं बघा: दोन्ही उबदार असले तर ठीक, पोट गरम आणि पाय गार म्हणजे बाळाला थंडी वाजतेय. सोलापुरी चादर आणा, पण ती स्वतःला बाकाखाली अंथरायला.

डॉक्टरांशी बोलताना

घरातलं एकच माणूस डॉक्टरांशी बोलेल, हे पहिल्याच दिवशी ठरवा. काका एक विचारतात, मामा दुसरं, गावाकडचे ओळखीचे पुढारी फोनवरून तिसरं. शेवटी आई-बापाला तीन वेगळी उत्तरं कळतात आणि डॉक्टर तुटक बोलायला लागतात. शंभर पानी वही घ्या. रोज तारीख टाकून चारच प्रश्न: श्वासाला आज किती मदत लागतेय, कालपेक्षा कमी की जास्त? दूध किती आणि कसं चाललंय? काल संध्याकाळपासून नवीन काय झालं? उद्यापर्यंत तुम्ही कशावर लक्ष ठेवणार? "वाचेल का?" हा प्रश्न पोटात असतोच, तोही विचारा, पण रोज नको. त्याचं रोज नवीन उत्तर डॉक्टरांकडे नसतं.

वजन रोज लिहा, पण पहिल्या आठवड्यात ते उतरतं म्हणून हाय खाऊ नका. पूर्ण दिवसांच्या बाळाचं दहा टक्क्यांपर्यंत, कमी दिवसांच्याचं पंधरा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, आणि दोन आठवड्यांच्या आसपास जन्माच्या वजनावर परत येतं. इन्फेक्शनचा संशय असेल तर रक्ताचं कल्चर लावतात, त्याचा निकाल यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तोवर अँटिबायोटिक चालू असतं. कमी दिवसांची बाळं मध्येच श्वास घ्यायची विसरतात. वीस सेकंदांपेक्षा जास्त थांबलं तर त्याला ॲप्निया म्हणतात. त्यासाठी जे औषध देतात ते कॅफिन, चहा-कॉफीतलंच.

"स्टेबल आहे" म्हणाले तर बिघडलं नाही एवढंच समजा, सुधारलं असं नाही. आणि आज बरं, उद्या वाईट, परवा पुन्हा बरं हा क्रम अशा लेकरांत नेहमीचा. गावाकडे पेढे वाटायची घाई नको.

संमतीचा कागद न वाचता सही करू नका. आपल्याकडे एकाच बाकावर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारे बसलेले असतात. आईला ज्या भाषेत कळतं त्या भाषेत सांगा म्हणा. सिस्टरांपैकी, मावशींपैकी कोणीतरी ती भाषा बोलणारं बहुतेक असतंच.

पैसा आणि कागद

पैशाचा विचार दहाव्या दिवशी करू नका, दुसऱ्या दिवशी करा. सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालय, इथं नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला औषधं, तपासण्या, रक्त आणि गाडी मोफत आहे. २०११ मध्ये हे पहिल्या तीस दिवसांसाठी सुरू झालं, नंतर एक वर्षापर्यंत वाढवलं. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळाली तर आधी तेवढं सांगून बघा.

खासगी दवाखान्यात असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो दवाखाना बसतो का ते बघा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि नवजात बाळांच्या उपचारांची पॅकेजं त्यात आहेत. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आई-बापाचं आधार, बाळाच्या जन्माचा कागद घेऊन भरती झाल्या झाल्या तिथं जा. डिस्चार्जच्या दिवशी गेलात तर काही होत नाही. चौकशीचा फोन १५५३८८ किंवा १८००२३३२२००.

दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादा १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो काढायला गावाकडच्या माणसाला आजच लावा. दवाखान्यात वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांना भेटा.

आणि तरीही पैसे संपले तर? डॉक्टरांचा सल्ला नसताना सही करून घरी नेणं, ज्याला सगळे 'डामा' म्हणतात, ते करू नका. मशीनवरचं बाळ घरी नेणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं. डॉक्टरांना सरळ सांगा: आमची कुवत संपत आलीय, सिव्हिलला बोलून पाठवा. हे लाजेचं नाही. पैसे पूर्ण संपायच्या दोन दिवस आधी सांगितलं तर जागा, चिठ्ठी, गाडी सगळं नीट होतं.

एक कडू गोष्ट इथंच लिहितो. "मुलगीच आहे, एवढा खर्च कशाला?" हे वाक्य त्या कॉरिडॉरमध्ये मी ऐकलंय, आणि म्हणणारी माणसं वाईट नव्हती, साधी होती. तुमच्या घरात कोणी असं म्हणालं तर ते आईच्या कानावर जाऊ देऊ नका, आणि निर्णयाच्या खोलीत त्या माणसाला बसवू नका.

जन्माची नोंद जिथं जन्म झाला त्या गावच्या नगरपरिषदेत किंवा महापालिकेत होते, बाळ ज्या दवाखान्यात आहे तिथं नाही. एकवीस दिवसांची मुदत असते. जिथं बाळंतपण झालं त्या दवाखान्यानं कळवलं का एवढं विचारा. नाव नंतर घालता येतं.

घरची माणसं

आजी-आजोबांना भीती वाटते, आणि ती अंगारा, दोरा, लिंबू या वाटेनं बाहेर येते. त्यांना दुखवू नका. अंगारा पाकिटात ठेवा, बाळाच्या कपाळाला नको. दोरा बाळाच्या हातात नको. पाचवीची पूजा घरी होऊ दे, बारसं बाळ घरी आल्यावर. आजींना काम द्या: वाट्या उकळणं, डबे करणं, बाळंतिणीला झोपवणं. बाळाचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकू नका.

आईकडे नीट बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं नेहमीचं. पण दोन आठवडे उलटून गेले तरी ती झोपत नसेल, जेवत नसेल, "माझ्यामुळेच झालं" हेच म्हणत असेल किंवा जगायलाच नको म्हणत असेल, तर तो आजार आहे, आणि त्यावर दूध पाजताना चालणारी औषधं आहेत. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे. ताप, जास्त रक्तस्राव, प्रचंड डोकेदुखी, टाक्यातून पू: यापैकी काहीही झालं तर आईला आधी दाखवा. सगळ्यांचे डोळे बाळाकडे असताना आईकडे दुर्लक्ष होतं.

सगळीच बाळं घरी येत नाहीत. डॉक्टरांनी हातात काही राहिलं नाही असं सांगितलं तर विचारा: नळ्या असल्या तरी मांडीवर घेता येईल का? बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. आईला दुसऱ्या गावाहून आणता येत असेल तर आणा. "तिला सहन होणार नाही" हे दुसऱ्यांनी ठरवू नये. नाव ठेवायचं असेल तर ठेवा. फोटो किंवा पायाचा ठसा घ्यावा वाटला तर घ्या. नंतरही काही दिवस दूध येत राहतं, त्याचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा.

घरी नेताना

बाळ स्वतः श्वास घेतंय, तोंडानं पितंय, वजन सलग वाढतंय आणि वॉर्मरशिवाय उबदार राहतंय, हे दिसलं की सोडतात. त्याआधी एक-दोन दिवस आईला बाळाजवळ ठेवून घ्यायला सांगा. थेंब किती द्यायचे, व्हिटॅमिन डी आणि लोहाचं औषध कधी, हे सिस्टरांसमोर करून दाखवा.

आता डोळे. ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. अशा बाळांच्या पडद्याला होणारा आजार बाहेरून दिसत नाही, बाळ टुकूटुकू बघत असतं, आणि वेळ गेली की नजर परत येत नाही. वेळेत सापडला तर लेझरनं नजर वाचवता येते. पंचवीस दिवसांनी सुट्टी मिळाली, गावी गेलं, तारीख विसरली, असं घडतं. सुट्टीच्या कागदावर तपासणीची तारीख लिहून घेतल्याशिवाय जिना उतरू नका. एकदा बघून झालं तरी "पुन्हा या" म्हणाले तर पुन्हा जायचं. कानांची तपासणी, डोक्याची सोनोग्राफी आणि थायरॉइड झालं का, हेही विचारा.

लसी जन्मतारखेपासून मोजायच्या. वाढ मात्र डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेपासून: दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवायची, दोन वर्षांपर्यंत असंच. "अजून बसत नाही?" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हेच सांगा.

घरी घुटी नाही, मध नाही, शेगडीची धुरी नाही, काजळ नाही, नाकाकानात तेल नाही. आंघोळ कधीपासून ते डॉक्टर सांगतील, तोवर ओल्या कपड्यानं पुसायचं. पाठीवर झोपवायचं. आशाताईंना आल्या दिवशीच कळवा. अशा बाळांच्या घरी त्यांच्या भेटी ठरलेल्या असतात, आणि वाढीत काही मागं वाटलं तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी त्यांच्यामार्फत मिळते.

दूध ओढायचं बंद केलं, अंग गार किंवा गरम लागलं, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, छाती आत ओढली जातेय, झटका आला, ओठ निळे पडले, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ उठवूनही उठत नाही: यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट नाही. पण कुठं जायचं? एकदा घरी गेलेलं बाळ इन्फेक्शनच्या धास्तीनं पुन्हा त्याच एनआयसीयूत घेत नाहीत, असं बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, "रात्री दोनला काही झालं तर आम्ही कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वॉर्डला यायचं?" जे सांगतील ते फोन नंबरासकट वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि ती वही घरात सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा.